दोन मनगटांमधली नाडी

मी एक जुनी नाडी आहे. होय मित्रांनो, पायजम्यात ओवतात तीच. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. मला सवय आहे. माझ्या वाट्याला पायजमा मात्र कधी आला नाही. मी राहिले दोन माणसांच्या मनगटांमध्ये. डॉक्टर मनगटावर बोटे ठेवून जी पाहतात तिलाही नाडीच म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. माझ्या बाबतीत हे दोन्ही अर्थ खरे झाले. ज्याच्या हातात मी असते त्याचे ठोके मला कळतात. ते कुणाला सांगायला मला तोंड नाही, एवढेच माझे दुःख.

माझे लहानपण एका रिळावर गेले. सुताची गोल वीण असलेल्या आम्ही बहिणी बहिणी एकमेकींना गुंडाळून एका शिवणकामाच्या दुकानात फळीवर बसून होतो. दुकान होते वहिनीचे. एक यंत्र, एक उंच आरसा आणि कपडे बदलायला एक पडदा, एवढाच तिचा संसार. लोकांच्या वाढलेल्या पोटांना आणि उंच होणाऱ्या मुलांना ती तेच जुने कपडे बेतून देत असे. तिचा हात चांगला होता आणि जीभ त्याहून.

वहिनीची नणंद म्हणजे ताई. तिला जन्मापासून दिसत नव्हते. ती ब्रेल पुस्तके छापणाऱ्या एका छोट्या छापखान्यात मुद्रिते तपासत असे. कागदावर उठलेल्या टिंबांवरून तिची बोटे धावत आणि एखादे टिंब कमी असले की तिथेच थांबत. एका टिंबाने अक्षर बदलते, अक्षराने शब्द बदलतो. त्यामुळे ताईच्या हातून चुकीचे पान पुढे जात नसे. छापखान्यातले लोक तिच्यावर वैतागत आणि तिच्याशिवाय एकही पुस्तक बाहेर पाठवत नसत.

त्या छापखान्याचे यंत्र म्हातारे झाले होते. त्याचा दाब कमी पडे आणि टिंबे बसकी उठत. विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृत्या तर मुलांच्या बोटांना लागतच नसत. हृदयाचे चार कप्पे चाचपडताना मुलांना सपाट कागद लागे. नवे यंत्र हवे होते. त्याच सुमारास शहरात हाफ मॅरेथॉन जाहीर झाली. ज्याला ज्या कामासाठी मदत गोळा करायची असेल त्याने त्यासाठी धावावे, अशी ती योजना होती. दुपारच्या चहाच्या वेळी छापखान्यात सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. ताई म्हणाली, "मी धावते."

तिने आजवर बस पकडायलासुद्धा धाव घेतली नव्हती. पण ताईने पूर्ण अंतर कापले तर आम्ही मदत देऊ, असे पुष्कळांनी कबूल केले. "पूर्ण" या शब्दावर ताईने स्वतःच जोर दिला होता.

आता तिच्याबरोबर डोळस माणूस कोण धावणार? तिचा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, पुढे झाला. त्याला घरात सगळे "आलोच" म्हणत. लहानपणी हाक मारली की तो "आलोच" म्हणे आणि अर्ध्या तासाने उगवे, म्हणून ते नाव पडले. मोठेपणी तो लिफ्ट दुरुस्त करू लागला. लिफ्टमध्ये अडकलेली माणसे घाबरून फोन करत, आणि हा शहराच्या दुसऱ्या टोकाहून त्यांना सांगे, "आलोच!" त्यात त्याला खोटे बोलल्यासारखे कधी वाटले नाही. माणसाला धीर येतो ना, मग झाले.

दिसत नसलेला धावपटू आणि त्याचा सोबती एकच दोरी धरून धावतात. ती आणायची ठरली तेव्हाचे बोलणे मी फळीवरून ऐकले.

"दुकानात तयार मिळते की," आलोच म्हणाला.

"नायलॉनची मिळते. घाम आला की सटकते आणि हात सोलून काढते," वहिनी म्हणाली. "मी नाडीची करून देते."

"नाडीची? लोक म्हणतील, दोघं मिळून पायजमा सांभाळत चाललेत."

"लोकांचं राहू दे. तुझी स्वतःची तरी कुठं जागेवर राहते? पोटाखाली जाऊन बसते."

ताई इतकी हसली की तिच्या मांडीवरचा बटणांचा डबा सांडला. वहिनीने रिळावरून माझे तीन तुकडे कापले आणि त्यांची वेणी घातली. तीन पदरांत ताण वाटला जातो, म्हणून वेणी एकेरी सुतापेक्षा जास्त टिकते. दोन्ही टोकांना तिने हात जाईल एवढी एकेक कडी शिवली. एक कडी ताईच्या उजव्या हातात, दुसरी आलोचच्या डाव्या हातात. अशी मी जन्माला आले. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

माझे काम समजायला सोपे आहे. दोघे बरोबरीने धावत असले की मी सैल असते. कुणी पुढे-मागे झाले की ताणली जाते. वळायचे असेल तर आलोच हात किंचित बाजूला घेई आणि ती ओढ माझ्यातून ताईपर्यंत पोचे. बाकीचे सगळे तो तोंडाने सांगे.

सुरुवातीला तो जरा जास्तच सांगे. "डावीकडे खड्डा. आता उतार. समोरून कुत्रं येतंय, तपकिरी आहे."

"अरे, त्याचा रंग मला काय करायचाय?"

"मग चावरं आहे का ते सांगू?"

"ते आधी सांग!"

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सकाळची गार हवा, चार पावलांचा एक ताल आणि मध्ये सैल झुलणारी मी. ताई दमली की विचारी, "किती राहिलं रे?" आणि आलोच म्हणे, "आलंच!" कधी ते खरेच आलेले असे. बहुतेक वेळा नसे. ताईला ते कळत असावे, पण सरावात कोण मनावर घेतो?

मला मात्र आणखी एक गोष्ट कळत होती. उजवा पाय टेकताना आलोचची मूठ आवळली जाई. लिफ्टच्या खोल पोकळीत शिड्या चढून-उतरून त्याचा गुडघा कुरकुरू लागला होता आणि धावण्याने तो सुजत चालला होता. तो विजारीखाली पट्टा बांधी आणि घरी गेल्यावर वहिनीच्या नकळत बर्फ लावी. एकदा ताईनेच थांबून विचारले, "तुझी पावलं वेगळी वाजतायत. काही होतंय का? दुसऱ्या कुणाला विचारू का मी?"

"मला? छे! लोखंड आहे, लोखंड."

त्याच्या मनगटाचा ठोका तेव्हा चुकला. तो मी टिपला आणि गप्प राहिले.

शर्यतीचा दिवस आला. रस्ता शहरातून निघून तलावाच्या बाजूने जात होता. शेवटच्या भागात एका लांब सरळ रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे, टाकीला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्याच्या दुसऱ्या अंगाने परत यायचे. दोन्ही अंगांच्या मध्ये कंबरेएवढे कुंपण लावलेले होते. त्या कुंपणात एके ठिकाणी दोन माणसे शेजारी शेजारी जातील एवढी फट होती.

तिथे पोचेपर्यंत आलोचचा गुडघा पार गेला होता. त्याचा तळवा थंड घामाने भिजला होता आणि तो सगळा घाम माझ्यात मुरत होता. ताई दमलेली होती, पण तिचे ठोके एकसारखे पडत होते. ती आणखी पुष्कळ धावली असती. "ताई, मला होत नाही, थांब," एवढे बोलायला त्याला एक श्वास पुरला असता. वाटेत पाणी देणारे लोक होते. त्यांच्यातल्या कुणीही आनंदाने माझी कडी धरली असती. पण आंधळ्या बहिणीला घेऊन निघालेला धडधाकट भाऊ आपणच गळाठलो हे कसे सांगणार? लाज फार जड असते, मित्रांनो. गुडघ्यापेक्षाही जड.

फटीजवळ त्या वेळी कुणीच उभे नव्हते. आलोचने हात बाजूला घेतला. ती ओढ मी ताईला दिली. मीच दिली.

"वळण?" ताई म्हणाली. "एवढ्यात? मला वाटलं टाकी बरीच लांब आहे."

"आलंच की. तू कसली सुसाट सुटलीयस!"

ताईचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हणत नव्हते, आज पाय हलके वाटतायत म्हणून?"

तिने विश्वासाने वळण घेतले. आलोच लंगडत होता, पण आजूबाजूला परतणाऱ्यांचा इतका गलका होता की ताईला त्याची पावले ऐकू आली नाहीत. त्या रस्त्यावर तिचा ठोका आनंदाचा होता आणि त्याचा चोराचा. दोन्ही माझ्यातून वाहत होते. मी तुटून पडले असते तर बरे झाले असते, पण वहिनीची वेणी पक्की होती.

शेवटच्या कमानीखाली लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ताईच्या गळ्यात पदक पडले. ती रडली, वहिनी रडली आणि आलोचही रडला. त्याच्या रडण्याचे सगळ्यांना फार कौतुक वाटले.

कबूल केलेली मदत आली. नवे यंत्र आले. छापखान्यात छोटासा कार्यक्रम झाला, तिथे ताई म्हणाली, "शेवटी शेवटी दमायला झालं होतं. पण माझ्या भावाने मला खोटा धीर कधी दिला नाही. तो वळण आलं म्हणाला आणि वळण आलंच होतं." आलोच मागच्या रांगेत बसला होता. तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि कार्यक्रम संपेपर्यंत परत आला नाही. मला तिथे दाराजवळच्या खुंटीवर मानाने टांगले होते. येणारा जाणारा मला हात लावून जाई. प्रत्येक हात लागला की मला आक्रसून जावेसे वाटे.

त्यानंतर आलोचने धावणे सोडले. कामे फार आहेत, असे तो सांगे. ताईला मात्र पुढच्या वर्षी पुन्हा धावायचे होते. छापखान्यात पुस्तके बांधणारी बाई तिच्याबरोबर येऊ लागली. मी खुंटीवरून उतरले आणि नव्या हातात गेले. तो हात डिंकाने खरखरीत झालेला होता, पण सरळ होता. ती बाई मोजकेच बोले आणि असेल तेच बोले.

एका सकाळी दोघी शर्यतीच्याच रस्त्याने निघाल्या. सरळ रस्त्यावर ताई दमू लागली. "वळण आलं का?"

"नाही. टाकी अजून लांब आहे."

थोड्या वेळाने, "आता?"

"अजून नाही."

ताईचे पाय जड झाले. टाकीला पोचण्याआधीच ती खाली बसली. पुढच्या खेपेला तसेच झाले आणि त्याच्या पुढच्यालाही. मग ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी छाती तपासली, रक्त तपासले, काही सापडले नाही. घरी जेवताना ती म्हणाली, "माझंच काहीतरी बिघडलंय. पहिल्या वर्षी हेच अंतर सहज धावले होते. आता शरीर साथ देत नाही. वय झालं, दुसरं काय!"

आलोच मान खाली घालून बसला होता.

"जेव की," वहिनी म्हणाली. "ताटात काय हरवलंय तुझं?"

ज्या बाईच्या बोटांतून टिंबाची चूक सुटत नाही, तिला दोन वर्षांच्या धावण्यातला फरक कळला होता. पण तिने शंका घेतली ती स्वतःवर. भावावर घ्यावी असे तिच्या मनातही आले नाही. मला हेच सहन होत नव्हते, आणि त्याला तर त्याहून नाही. ताईने मला गुंडाळून पिशवीच्या तळाशी टाकले. तिथे एक कंगवा, एक सुटे बटण आणि मी.

असे काही आठवडे गेले. एका दुपारी छापखान्याच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत ताई एकटीच होती, आणि तिच्या पिशवीत मी. लिफ्टचा फोन नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला गेला. तो दुरुस्तीवाला म्हणजे आलोच. पुष्कळ वेळाने दाराच्या वरच्या बाजूने त्याचा आवाज आला, "ताई? घाबरू नकोस, उघडतोच आता!"

"मी घाबरले नाही," ताई आतून म्हणाली. "खरंच किती वेळ लागेल तेवढं सांग. त्या मानाने उभी राहते, नाहीतर खाली बसते."

बाहेर हत्यारांची पेटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, "बस खाली. ब्रेक जाम झालाय. हाताने फिरवून खाली घ्यावी लागेल. अर्धा तास तरी लागेल."

"बरं झालं सांगितलंस." ताई जमिनीवर बसली.

हत्यारांचा खणखणाट सुरू झाला आणि मध्येच थांबला. "ताई, अजून एक खरं सांगायचंय."

"सांग की. मी कुठे पळून जातेय?"

त्याने सांगितले. दार बंद होते म्हणून सांगता आले असावे. गुडघा, कुंपणातली फट, माझी ओढ, सगळे सांगितले. "तू टाकीपर्यंत गेलीच नव्हतीस, ताई. तुझ्या अंगात काही बिघडलेलं नाही. त्या दिवशी रस्ताच कमी होता. मी कमी केला."

ताईचा हात पिशवीवर होता. कापडातूनही तिचा ठोका मला लागला. तो वाढत गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

"किती?" तिने विचारले.

"दोन किलोमीटर. थोडं जास्तच."

"मी तुला विचारलं होतं. पावलं वेगळी वाजतायत म्हणून विचारलं होतं."

"हो."

"मला दिसत नाही म्हणून केलंस. दिसत असतं तर केलं असतंस?"

"ताई..."

"दार उघड आधी."

लिफ्ट हळूहळू खाली आली. दार उघडले. ताई त्याच्या बाजूने काठी टेकत निघून गेली. त्याने पुढे केलेला हात तिला दिसला नाही, आणि त्याने आवाज दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने छापखान्यात शुद्धिपत्र काढायला सांगितले. मित्रांनो, पुस्तकात चूक राहिली तर मागाहून एक चिठ्ठी छापून लावतात, "अमुक शब्दाऐवजी तमुक वाचावे" अशी. तिला शुद्धिपत्र म्हणतात. ताईला मदत देणाऱ्या प्रत्येकाकडे तशी चिठ्ठी पाठवायची होती: ताई एकवीस किलोमीटर धावली याऐवजी एकोणीस किलोमीटर धावली असे वाचावे.

व्यवस्थापक बाई हादरल्या. "अहो ताई, यंत्र आलंसुद्धा. पुस्तकं निघतायत. कोण विचारायला येणार आहे?"

"चूक कळल्यावर पान पुढं पाठवायचं? हे आपण कधीपासून करायला लागलो?"

तेवढ्यात आलोच दारात येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "ताई, माझं नाव घाल. चूक भावाची, असं छाप."

"शुद्धिपत्रात चूक कोणाची ते छापत नाहीत," ताई त्याच्याकडे मान न वळवता म्हणाली. "बरोबर काय, एवढंच छापतात."

चिठ्ठ्या गेल्या. मदत देणाऱ्यांपैकी एक, औषधांच्या दुकानाचा मालक, छापखान्यात येऊन मोठमोठ्याने बोलून गेला. त्याचे सगळे बोलणे आलोचने उभ्याने ऐकून घेतले आणि त्यातला एकही शब्द दुसऱ्यावर ढकलला नाही. ताईने पदक परत नेऊन दिले. आयोजकांना ते कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून त्यांनी ते पेनांच्या डब्यात टाकले. घरी वहिनी नवऱ्याशी कामापुरते बोले. एकदा मात्र त्याच्या गुडघ्याला पट्टा बांधताना ती म्हणाली, "एवढं दुखत होतं तर मला सांगायचं नाहीस? मी काय परकी होते?" आणि पट्टा जरा जास्तच आवळला.

ताई पुन्हा धावू लागली. आपल्या शरीरात काही बिघाड नाही हे तिला कळले होते आणि ती टाकीपर्यंत पोचूही लागली, पण माझी दुसरी कडी त्या बांधणीवाल्या बाईच्याच हातात असे. आलोच ताईला रोज नमस्कार केल्यासारखे "धावायला येऊ का?" विचारी आणि ताई फक्त "नको" म्हणे. मला वाटले, असेच राहणार. काही वीण एकदा उसवली की पुन्हा तशी बसत नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी ताई वहिनीच्या दुकानात आली. आलोच यंत्राला तेल घालत होता. ताईने मला पिशवीतून काढले आणि एक कडी त्याच्या दिशेने धरली.

"किती जमेल तुला?"

"माहीत नाही, ताई," तो म्हणाला. "फार नाही."

"चालेल."

ते तलावाच्या रस्त्याने निघाले. धावणे नावालाच, जरा वेगाने चालणेच होते ते. माझे सूत घामाने कडक झाले होते आणि एक पदर विरत चालला होता. तरी मी सैल झुलत होते. कुंपणातली फट आली. "ती फट इथे आहे," आलोच आपण होऊन म्हणाला. ताईने पावलांचा वेग तोच ठेवला. ते पुढे गेले. पुढचा रस्ता आलोचने शर्यतीच्या दिवशी पाहिलाच नव्हता. तो खड्डे सांगत होता, उतार सांगत होता. मग त्याची मूठ आवळली, मला ओळखीची तशी. मी घाबरले.

"ताई, थांब," तो म्हणाला. "टाकी दिसतेय समोर. पण मला नाही जमत. दुखतंय."

ताई तत्क्षणी थांबली. दोघे पदपथाच्या कडेला बसले. टाकी राहिली तिथेच राहिली. ताईने हात पुढे करून त्याचा गुडघा चाचपला, चुकीचे पान चाचपावे तसा, काळजीपूर्वक. "इथे?" "हो." "आणि इथे?" "जास्त." दोघांचे ठोके हळूहळू उतरले. कडी त्याने सोडली नाही आणि तिनेही मागितली नाही. ऊन अंगावर येईपर्यंत ते तसेच बसून होते.

मित्रांनो, मी आता फार धावत नाही. मला जपायचे असेल तर घाम मुरल्यावर साध्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवा. घामाचे मीठ सुताला खाते. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागते. तुमच्या हातात कधी कुणाची कडी आली तर ती नीट धरा, आणि दमलात तर दमलो म्हणा. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिले. तुम्हांला आहे.